जुनी केबिन क्रूझर घ्यायची आहे? तपासणीचा क्रम आधी बदला

ठरलेला प्रकार असा असतो. मालक रविवारी सकाळी गेटवेला बोलावतो. बोट धुऊन-पुसून लखलखीत, इंजिन आधीच सुरू करून गरम केलेलं. मांडव्यापर्यंत एक फेरी होते, घरची मंडळी खूश होतात आणि संध्याकाळी टोकन जातं. कागद, तळ, इंजिनाचं तेल यांचा विचार त्यानंतर. तोवर मन गुंतलेलं असतं, त्यामुळे पुढे सापडलेला प्रत्येक दोष ‘करून घेऊ की’ म्हणून सोडून दिला जातो. ही ‘करून घेऊ’ची यादी कधीकधी बोटीच्या किमतीइतकी होते.

खालचा क्रम बरोबर उलटा आहे. फुकटात किंवा थोड्या पैशात जी बोट बाद करता येईल ती आधी बाद करायची, खर्चाच्या तपासण्या त्यानंतर आणि समुद्रातली फेरी सगळ्यात शेवटी. मी धरून चाललो आहे ती साधारण २५ ते ३५ फुटांची, फायबरची, आत केबिन असलेली, एक किंवा दोन इंजिनांची आणि मुंबई-अलिबागच्या खाऱ्या पाण्यात वापरलेली बोट. गोव्यात मांडवीत उभ्या असलेल्या बोटीलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

## १. आधी महिना आणि भरती पाहा

तपासणीसाठी ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. मे महिन्यात भाव उतरलेले दिसतात, कारण पावसाआधी बोट वर ओढण्याचा, झाकण्याचा आणि चार महिने जागेचं भाडं भरण्याचा खर्च मालकाला टाळायचा असतो. स्वस्त मिळते म्हणून घाई करू नका. जूनपासून समुद्रचाचणी होणार नाही आणि भर पावसात फायबरमधली ओल मोजण्यालाही अर्थ नाही. मेमध्ये सौदा करायचाच असेल तर बाकी रक्कम पावसाळ्यानंतरच्या चाचणीला बांधून ठेवा.

दुसरं, बोट वर ओढणं भरतीवर अवलंबून असतं. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, भांगेच्या (लहान भरतीच्या) दिवसांत बरंच कमी. अनेक उतारांवर मोठी बोट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच वर ओढून घेता येते. यार्डवाल्याशी तारीख आधी ठरवा आणि बोट निदान दोन रात्री कोरड्यावर राहील असं बघा. दोन रात्री का, ते सहाव्या टप्प्यात येईल.

## २. कागद: बोट पाहायला जाण्याआधी

मालकाला सगळ्या कागदांचे फोटो पाठवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पेट्रोलही जाळायला नको.

- नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे असतं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का, किती माणसांना परवानगी आहे, कोणत्या पाण्यासाठी आहे, मुदत कधी संपते, हे वाचा.
- परदेशी बनावटीची बोट असेल तर आयातीची कागदपत्रं, म्हणजे बिल ऑफ एंट्री आणि सीमाशुल्क भरल्याची पावती. शुल्क भरलेलं नसेल तर भानगड बोटीबरोबर तुमच्या दारात येते.
- कर्ज असल्यास बँकेचं ना-हरकत पत्र. बोट कंपनीच्या नावावर असेल तर विक्रीला मंजुरी देणारा संचालक मंडळाचा ठराव.
- विमा आणि आजवरचे दावे. बोट कधी बुडाली किंवा आपटली होती का, हे इथे कळतं.
- दुरुस्तीची बिलं. ‘दर वर्षी सर्व्हिस होते’ हे तोंडी ऐकू नका, बिलावरची तारीख आणि सुट्या भागांची नावं पाहा.
- बोट उभी करण्याची जागा. मुरिंग नव्या मालकाच्या नावावर होतं का, हे जागा देणाऱ्यालाच विचारा. बोट मिळाली आणि बांधायला जागा नाही, ही अडचण इथे खरीखुरी आहे.

जुळवून पाहा: बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, उजव्या बाजूला वर कवचाचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या मुख्य अंगाचा, क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकी बोटींवर तो १९७२ पासून सक्तीचा आहे. त्यात १२ अक्षरं-अंक असतात आणि १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. हा क्रमांक आणि इंजिनांचे क्रमांक कागदांशी जुळले पाहिजेत. क्रमांकाजवळ घासल्याच्या खुणा किंवा नवा रंग दिसला तर खुलासा मागा.

## ३. काय बरोबर न्यायचं, काय आधी सांगून ठेवायचं

चांगली टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, प्लॅस्टिकच्या डोक्याची हलकी हातोडी, मल्टिमीटर, लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर, खडू, पांढरे टिश्यू आणि मळले तरी चालतील असे कपडे. हे कपडे खरंच लागतात. ज्याचे कपडे कोरे राहिले त्याने बोट पाहिली नाही, केबिन पाहिली.

मालकाला आदल्या दिवशी दोन गोष्टी स्पष्ट सांगा: इंजिन सुरू करून ठेवू नका आणि केबिन रात्रभर बंद राहू द्या. बहुतेक जण हा निरोप देतच नाहीत, आणि तिथेच अर्धी माहिती हातची जाते.

## ४. पहिली भेट: नाक, पाय आणि हातोडी

केबिनचं दार उघडल्यावर आत पाऊल टाकण्याआधी वास घ्या. कुबट वास म्हणजे कुठून तरी पाणी येतंय. डिझेलचा वास म्हणजे गळती. शौचालयाचा वास बहुधा जुन्या नळ्यांचा असतो, ते निस्तरता येतं.

सावधान: पेट्रोलचा वास आला तर एकही बटण दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, झाकणं उघडा आणि तपासणी तिथेच थांबवा.

आता चपला काढून डेकवर चाला. टाच जोरात टेकत, एक इंचही न सोडता. हे इतकं महत्त्वाचं का? डेक म्हणजे फायबरची एकच जाड पाटी नसते. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, खिडक्या हे सगळं या थरांना भोकं पाडून बसवलेलं असतं. त्या स्क्रूभोवतीचं सीलंट सुकलं की पाणी आत उतरतं आणि मधलं लाकूड कुजत जातं. वरून चकाकी तशीच राहते. पायाखाली डेक दबल्यासारखा वाटला किंवा करकरला तर खडूने खूण करा.

मग हातोडी. माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो तसंच इथे करायचं: टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक, बसका आणि ‘ठप्प’ आला तर आत ओल किंवा थर सुटलेले. प्रत्येक खांब आणि क्लीटभोवती वीतभर अंतरापर्यंत वाजवत जा आणि बिघडलेल्या भागाची कड खडूने आखून घ्या. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो. पुढचा निम्मा डेक आखला गेला तर बोट सोडा.

ट्रान्सममध्येही अनेकदा प्लायवूड असतं आणि स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनाला जोडलेलं, ट्रान्समबाहेरचं, बोट ढकलणाऱ्या पंख्याचं युनिट) किंवा आउटबोर्डचं (ट्रान्समवर बाहेरून टांगलेल्या इंजिनाचं) सगळं वजन त्यावर. ड्राइव्ह हाताने वर-खाली दाबताना कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत हलताना दिसली, तर केबिन कितीही सुंदर असो, विषय संपला.

आत आल्यावर गाद्या काढा, फळ्या उचला, कपाटं रिकामी करा. आडव्या भिंती कवचाला जिथे फायबरच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात तिथे टॉर्च मारा. पट्टी सुटलेली असेल तर बोट लाटांवर पिळवटत आली आहे. खिडक्यांखालचे ओघळ, छताच्या अस्तरावरचे तपकिरी डाग पाहा. आणि एक खूण जवळून शोधा: कपाटांच्या आत, वायरींवर, इंजिनाच्या खोलीत सगळीकडे एकाच उंचीवर गेलेली मळकट रेषा. अशी रेषा म्हणजे बोटीत तिथवर पाणी भरलं होतं.

बिल्ज, म्हणजे फळ्यांखालचा सगळ्यात खोल भाग, कोरडा असेल तर उत्तम. जुन्या बोटीत तिथे ताजा रंग दिसला तर मी आधी संशय घेतो. बादलीभर पाणी ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बटण) उचलला जाऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे.

इथे थांबून ठरवा: डेक, ट्रान्सम आणि आतल्या जोडांपैकी दोन ठिकाणी मोठा दोष असेल तर पुढे जाऊ नका. इथवर तुमचा फक्त एक दिवस गेला आहे.

## ५. थंड इंजिन

इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने निरोप पाळलेला नाही. ते सहज झालं असेल किंवा थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल. दुसऱ्या दिवशी परत या.

सुरू करण्याआधी:

१. डिपस्टिक टिश्यूवर पुसा. दुधाळ, चहासारखं तेल म्हणजे तेलात पाणी. अगदी नवं, सोनेरी तेल दिसलं तर ते कधी आणि का बदललं ते विचारा.
२. कूलंटचं झाकण उघडा. वर तेलाचा तवंग नको.
३. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझरच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी भागांच्या) सांध्यांवर गंजाचे ओघळ किंवा मिठाचे पांढरे खडे आहेत का पाहा. उष्णता-विनिमयकाची (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागाची) टोकं आणि समुद्राचं पाणी ओढणारा पंपही तसाच पाहा.
४. इंजिनाचे रबरी पाय, पट्ट्याभोवतीची काळी भुकटी, फुगलेले किंवा चिरलेले होज.

मॅनिफोल्ड-रायझरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पेट्रोल इंजिनाच्या बोटीत सगळ्यात महागडी चूक इथे होते. एक्झॉस्टचा धूर थंड करायला खारं पाणी याच भागातून जातं. लोखंड आतून गंजत जातं आणि एक दिवस ते पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. खाऱ्या पाण्यात हे भाग साधारण ५ ते ७ वर्षांत बदलावे लागतात. बदलल्याचं बिल नसेल तर ‘बदलायचे आहेत’ असं धरूनच भाव करा. बाहेरचा रंग चांगला आहे, हा पुरावा नव्हे.

आता सुरू करा. पेट्रोल असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवा. अर्ध्या-एक मिनिटाच्या आत एक्झॉस्टमधून पाणी आलं पाहिजे आणि तेलाचा दाब लगेच चढला पाहिजे. थंड डिझेलचा थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही तो राहिला तर चालत नाही. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही किंवा इंजिनावर जादा ओझं आहे.

तासांच्या मीटरला एवढं भुलू नका. मीटर बदलता येतो. शिवाय पंधरा वर्षांत फार थोडे तास चाललेलं इंजिन चांगलं असतंच असं नाही. खाऱ्या हवेत उभं राहून सील सुकतात, पंप चिकटतात. नियमित चाललेलं आणि बिलं असलेलं डिझेल मी कधीही जास्त पसंत करीन.

विजेच्या कामासाठी पॅनेलच्या मागे बघा. व्यवस्थित बांधलेल्या, कलई केलेल्या तांब्याच्या वायरी असतील तर कुणीतरी काळजी घेतली आहे. घरगुती वायर, काळी टेप आणि पिळून जोडलेली टोकं दिसली तर सगळं वायरिंग नव्याने धरा. बॅटऱ्या पट्ट्याने घट्ट बांधलेल्या हव्यात. किनाऱ्यावरून वीज घेण्याच्या सॉकेटमध्ये जळकी पिन आहे का, तेही पाहा.

## ६. बोट वर ओढा, मग समुद्रात न्या

अनेक जण आधी फेरी मारतात आणि तळ नंतर पाहतात. आपल्याकडच्या कोमट पाण्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळावर आणि पंख्यावर शेवाळ-शिंपले चढलेले असतात. अशा बोटीचं इंजिन पूर्ण फेरे (मिनिटाला जितके हवेत तितके) घेतच नाही. मग दोष इंजिनाचा की शिंपल्यांचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून आधी वर ओढा, पाण्याच्या फवाऱ्याने तळ साफ करा, तपासा आणि त्या स्वच्छ तळावर चाचणी घ्या.

बोट पाण्याबाहेर येताच, ओली असतानाच, तळावर तिरपी टॉर्च मारून फोड शोधा आणि खडूने गोल करा. सुकल्यावर फोड बसतात आणि दिसेनासे होतात. मालकाच्या परवानगीने, डोळ्यांना चष्मा लावून एखादा टोचला आणि आंबट, व्हिनेगरसारखा वास आला, तर पाणी फायबरच्या थरात मुरलं आहे. मोजके बारीक फोड असतील तर भाव उतरवा. सगळ्या तळावर असतील तर तळ सोलून, सुकवून नवे थर द्यावे लागतात आणि ते काम महिनोन्‌महिने चालतं.

ओल मोजण्याचा मीटर सर्वेक्षकाकडे असतो. नुकत्याच काढलेल्या तळावर तो जास्तच दाखवतो आणि तांबंयुक्त रंगावरही फसतो. दोन रात्री म्हणूनच सांगितल्या. एखाद्या आकड्यावर जाऊ नका. पाण्यावरचा भाग आणि पाण्याखालचा भाग यांतला फरक पाहा.

भेगा वाचायला शिका. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे काहीतरी आपटलं. आतल्या आडव्या-उभ्या टेकूंच्या ओळीने गेलेल्या भेगा जास्त वाईट, तिथे कवच वाकतंय. वेगळ्या छटेचा चौकोन दिसला की आतल्या बाजूने तीच जागा शोधा.

त्यानंतर हे भाग हाताने हलवून पाहा:

- सी-कॉक, म्हणजे तळाच्या छिद्रांवरचे व्हॉल्व्ह. प्रत्येक पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा झाला पाहिजे. धातू खरवडल्यावर गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा व्हॉल्व्ह हातात तुटून येतो आणि बोट बुडते. पाण्याखालच्या प्रत्येक होजला दोन क्लॅम्प हवेत.
- शाफ्ट, पंखा, सुकाणू. शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगमधली ढिलाई पाहा. पंख्याच्या पात्यांची टोकं वाकलेली आहेत का? खाडीत ओहोटीला चिखलावर बसणाऱ्या बोटींत हे तिन्ही भाग मार खातात.
- स्टर्नड्राइव्ह. रबरी बेलोजच्या, म्हणजे सांधा झाकणाऱ्या घडीदार नळीच्या, घड्या उघडून चिरा शोधा. गियर तेल थोडं काढा, दुधाळ असेल तर सील गेलं.
- अॅनोड. हे धातूचे तुकडे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजायला लावलेले असतात. निम्मे झिजलेले असतील तर बदलायची वेळ झाली. वर्षभर पाण्यात राहूनही ते कोरे दिसले तर आनंद मानू नका. ते जोडलेलेच नाहीत आणि झिजायचं काम ड्राइव्हने केलंय.

सावधान: दाखवण्याआधी घाईने मारलेला तळाचा नवा रंग हा तपासणीतला अडथळा आहे. ठिकठिकाणी खरवडायला परवानगी नसेल तर तळ ‘तपासलेला नाही’ असंच लिहा.

## ७. समुद्रचाचणी

इथपर्यंत टिकलेली बोटच पाण्यात न्या. टाक्या निम्म्या भरलेल्या हव्यात आणि तुमच्या नेहमीच्या सहलीत जितकी माणसं असतील तितकी बोटीवर हवीत. एकट्या खलाशाबरोबर हलकी बोट छान पळते.

बंदराच्या आतल्या सपाट पाण्यात समाधान मानू नका. हवामान ठीक असेल तर कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रोंग्स दीपगृहाच्या बाहेरच्या मोकळ्या पाण्यात, खडकांपासून चांगलं अंतर ठेवून न्या. लाटेवर केबिनच्या भिंती करकरतात का, दारं आपोआप उघडतात का, ते तिथे कळतं.

१. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं हळू चालवून इंजिन गरम होऊ द्या.
२. मग नेहमीच्या वेगाने सलग अर्धा तास. तापमान एका जागी स्थिर राहिलं पाहिजे. हळूहळू चढत राहणारा काटा वाईट. दोन इंजिनं असतील तर दोन्हींच्या एक्झॉस्ट एल्बोंचं (धुराच्या नळीच्या वाकड्या भागांचं) तापमान मोजा, मोठा फरक नको.
३. पूर्ण थ्रॉटल, तीन-चार मिनिटं. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले फेरे मिळाले पाहिजेत. दोन-तीनशेंनी कमी पडले तर चुकीचा पंखा, थकलेलं इंजिन किंवा दोन्ही.
४. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे सुकाणू, मग रिव्हर्स, मग जागच्या जागी गियर टाकणं-काढणं.
५. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. काही इंजिनं गरम असतानाच रुसतात.

चालू बोटीत कुणीतरी बिल्जमध्ये डोकावलंच पाहिजे, सैल कपडे आणि ओढण्या सांभाळून.

मुंबई बंदरात तापमान अचानक चढलं तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. इंजिन थांबवा, समुद्राच्या पाण्याची जाळी उघडा. बऱ्याचदा तिथे प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. जाळी स्वच्छ असूनही तापलं तर मात्र तो दोष मोठा.

परत येताच, तेल गरम असताना, इंजिन आणि गियरबॉक्सच्या तेलाचे नमुने स्वच्छ बाटल्यांत घ्या. प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम जास्त आलं तर खारं पाणी आत शिरत असल्याचा दाट संशय. तेल किती तास वापरलेलं आहे हे बाटलीवर लिहा. कालच बदललेल्या तेलाचा अहवाल निरुपयोगी असतो.

## ८. सर्वेक्षक, भाव आणि करार

वरची सगळी तपासणी तुम्ही केली तरी स्वतंत्र मरीन सर्वेक्षक हवाच. तो तुम्ही निवडायचा, फी तुम्ही द्यायची. मालकाने किंवा दलालाने सुचवलेला नको. त्याला बोट वर ओढण्याच्या दिवशी बोलवा आणि स्वतः शेजारी उभे राहा. अहवालात न लिहिलेलं बरंच काही तो बोलून जातो. त्याला वेळ वाचवायला म्हणून मालकाचा जुना अहवाल दाखवू नका.

टोकन द्याल त्या कागदावर चार गोष्टी असल्या पाहिजेत: सर्वेक्षण आणि समुद्रचाचणी समाधानकारक न झाल्यास टोकन पूर्ण परत; बोट वर ओढण्याचा खर्च कुणाचा; चाचणीत काही मोडलं तर जबाबदारी कुणाची; आणि उरलेली रक्कम नोंदणी हस्तांतराची कागदपत्रं सही होऊन हातात आल्यावरच. बोटीबरोबर काय काय मिळणार, म्हणजे नांगर, साखळी, रेडिओ, लाइफ जॅकेटं, ट्रेलर, सुटे पंखे, याची यादी फोटोंसकट जोडा.

भाव करताना दोष मोजत बसू नका, दुरुस्तीची लेखी अंदाजपत्रकं समोर ठेवा. त्याउपर किमतीच्या पाचव्या भागाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असू द्या. ती नसेल तर एक माप लहान बोट बघा.

ताबा मिळाला की पहिल्या सहलीआधी पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (आतल्या रबरी फिरक्या), सगळे फिल्टर, इंजिन व गियरचं तेल आणि पट्टे बदलून घ्या. प्रत्येक सी-कॉकशेजारी व्हॉल्व्ह तुटला तर छिद्रात ठोकायला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधा, आणि कोणता सी-कॉक कुठे आहे ते बोटीवर येणाऱ्या खलाशाला हात लावून दाखवा.